कुंपणापलीकडचा मोकळा पट्टा

खंडोजीराव शिंप्याचं पोट बारा महिने दुखायचं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं वासुदेवराव. दोघेही शिंपी, दोघांची दुकानं म्हैसुरात नजरबादला आणि घरं चामुंडी डोंगराच्या पायथ्याशी, शेजारी शेजारी. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास दोघांनी एकदमच बांधलेली.

एकादशीचं भजन आधी खंडोजीरावांच्या अंगणात व्हायचं. चहा त्यांच्या सरस्वतीबाईंचा, मान खंडोजीरावांचा. पण वासुदेवरावांना भलताच उत्साह! उन्हाळा लागला की घराभोवतीचं गवत मुळापासून काढून रुंद पट्टा मोकळा करायचे, पाण्याची पिंपं भरून ठेवायचे. त्या पट्ट्यावर मंडळी ऐसपैस मावू लागली आणि भजन कुंपणापलीकडे गेलं. तेव्हापासून खंडोजीरावांना विळा दिसला तरी राग यायचा.

"तुमचंबी काढून देतो की," वासुदेवराव दरवर्षी म्हणायचे. "डोंगर वाळलाय. बेंकी लागली, आग खाली उतरली तर?"

"बेडा, राव, नको. माझं गवत मला असू द्या."

वर हट्टानं दुकानातल्या चिंध्यांची पोती त्यांनी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. गोधड्यांना होतील म्हणे!

फाल्गुनात, दुकानं बंद असलेल्या एका दुपारी डोंगर पेटला. वारा घरांच्याच दिशेनं होता.

"अय्यो, पाणी मारा की! पोती तरी हलवा!" सरस्वतीबाई ओरडल्या.

खंडोजीराव भरली बादली घेऊन कुंपणाशी गेले आणि तिथंच थांबले. खोटं कशाला बोला, त्यांना तो पट्टा हरताना बघायचा होता. आग एकदा शेजारी शिरू दे, मग आपण धावू, मग लोक आपलं नाव घेतील! आग पट्ट्यापर्यंत आली, तिथं जळायला काही सापडेना, तशी ती बाजूला वळली आणि खंडोजीरावांच्या गवतातून थेट पोत्यांवर चढली.

"शिलाईचं मशीन आत आहे हो!" सरस्वतीबाईंनी हंबरडा फोडला. तेल घालायला दुकानातून घरी आणलेलं ते एकुलतं एक मशीन गेलं तर खायचं काय? खंडोजीरावांचे पाय जागचे हलेनात. वासुदेवराव ओलं गोणपाट पांघरून आत घुसले आणि तापलेलं मशीन कवटाळून बाहेर आले. मागोमाग छप्पर कोसळलं.

पुढच्या एकादशीला मंडळी त्याच पट्ट्यावर जमली. बेघर झालेले खंडोजीराव आणि सरस्वतीबाई आता वासुदेवरावांच्याच पडवीत राहत होते. म्हाताऱ्या जानकीबाईंनी वासुदेवरावांच्या बँडेज बांधलेल्या हातांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बाकीचेही तिथंच घोटाळत राहिले.

"खंडोजीराव, आज टाळ तुम्ही धरा," वासुदेवराव म्हणाले. "माझ्यानं होईना."

खंडोजीरावांनी टाळ घेतले. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. घर गेल्याचं दुःख कुठल्या कुठं राहिलं, त्यांना त्या बँडेजांचा हेवा वाटला. हो, हेवाच. मग त्यांनी खाली पाहिलं. टाळ धरलेल्या त्यांच्या हातांवर साधा ओरखडाही नव्हता.