दादाचं विमान

आज फाटक रंगवायला आलेल्या माणसाने थिनरचा डबा उघडला आणि त्या वासाने जबलपूरच्या आमच्या क्वार्टरची ओसरी डोळ्यांपुढे आली. युद्धात दादाचं लढाऊ विमान पडलं होतं. विमानाचे तुकडे मिळाले, दादा मिळाला नाही.

बाबा फॅक्टरीतून आले की त्या विमानाचं लाकडी मॉडेल करत बसायचे. एका रविवारी रंग वाळल्यावर ते पॉलिश पेपरने पंखांच्या कडा खरवडत होते, शेपटाखाली कंदिलाची काजळी चोळत होते.

"चांगलं नवं होतं, काहून मळवून राहिले?" आईने विचारलं.

"उडलेलं विमान असंच दिसते."

मग त्यांनी स्वतः कोरलेला इवलासा वैमानिक चिमट्यात उचलला. आईने त्यांचा हात धरला.

"त्याले आत नका बसवू."

बाबांनी वैमानिकाच्या रिकाम्या जागेवर काच चिकटवली.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. आई त्यांना मॉडेल दाखवत होती. "देखिए दीदी, अंदर कोई नहीं है. वो पहले ही कूद गया था."

बाबा ओसरीतच बसले होते. तो वैमानिक त्यांच्या मुठीत होता. तेव्हा मला आईची कीव आली होती. आता वाटतं, बाबांजवळ तर तेवढाही आधार नव्हता.