कंबरेच्या चार बोटं वर

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पार्लर चालवणाऱ्या बाई कमी बोलतात आणि बोलल्या की लागेल असं बोलतात. मला केस वाढवायचेत म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ते काय तुम्हाला विचारून वाढतात?" हात मात्र हळुवार. गुंता सोडवताना आधी दुसऱ्या हाताने डोकं धरतात.

माझे केस कंबरेच्या चार बोटं वर येऊन थांबतात. मी कधी टँकरच्या पाण्याला दोष दिला, कधी नोकरीतल्या दगदगीला. मागच्या वर्षी थेट बाईंनाच म्हणाले, "तुम्ही दर वेळी जास्त कापता."

त्या चिडल्या नाहीत. कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाल्या, "वर्षभर कात्री लावत नाही."

परवा वर्ष झालं. केस तिथेच होते. बाईंनी माझ्या खांद्यावरचा गळलेला लांब केस उचलला आणि त्याच्या मुळाकडचा पांढरा ठिपका दाखवला.

"हा तुटलेला नाही, मुळातून सुटलाय. केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो, गळतो आणि तिथे दुसरा येतो. तुमच्या केसांना वर्षंच तेवढी मिळालीत. यात माझा दोष नाही, तुमचाही नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. नुसतंच दमल्यासारखं झालं.

माझ्यानंतर कॉलेजातली एक मुलगी खुर्चीत बसली. "थोडेच कापा हं, ताई. तुम्ही जास्त कापता म्हणून वाढत नाहीत."

बाईंनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली.