वैशाखऱ्याचा खेळ अजून आपला नाही

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्यात, पण चारशे माणसांनी दहा-दहा रुपये मोजून पाहिलेली चूक एकच. ती सांगतो. चहा घेत ऐका, कारण मध्ये थोडं हिशेबाचं येईल, आणि हिशेब म्हटलं की माणसांना झोप येते. मला येत नाही. तिथंच तर सगळं बिघडलं.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. मुरबाडच्या एका करमणूक कंपनीत मी हिशेबनीस होतो. कंपनी म्हणजे काय, तर एक ऑर्केस्ट्रा, दोन नाचणाऱ्या, एक विनोदी जोडी, एक लॉरी, एक जनरेटर आणि शेठ. पण धंदे मोजाल तर पाच. जत्रेत तिकीट लावून खेळ करायचे. मंडळांकडून ठरावीक रकमेची सुपारी घ्यायची. खेळ नसेल तेव्हा मंडप आणि भोंगे लग्नांना भाड्यानं द्यायचे. पडद्याच्या बाजूला दुकानदारांचे बॅनर लावायचे. आणि खेळाच्या जागी चहावाल्याला टपरी लावू द्यायची, त्याचे पैसे वेगळे.

शेठचा हिशेब सोपा होता. आलं ते आपलं.

मी मात्र कल्याणला एका सीएकडे वर्षभर उमेदवारी केलेली. त्यांनी मला एकच गोष्ट डोक्यात बसवून पाठवलं होतं. पैसे हातात आले म्हणजे कमाई झाली असं नाही, काम झालं की कमाई झाली. तिकिटं आठ दिवस आधी विकली? ते लोकांचे पैसे, आपण नुसते सांभाळायचे. पडदा उघडला की आपले. खताच्या दुकानाचा बॅनर बारा खेळांसाठी? मग प्रत्येक खेळाला एक वाटा. चहावाल्याचा गल्ला कितीही भरो, आपलं फक्त जागेचं भाडं.

शेठनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तू मला गरीबच करणार."

"नाही शेठ. आहात तेवढंच दाखवणार."

"तेच ते," शेठ म्हणाले.

तर असा मी नियमाचा माणूस. खरं सांगायचं तर नियमाशिवाय दुसरं जवळ काही नव्हतं. मंडळी दिवाळीला बाहेर पडायची ती अक्षयतृतीयेलाच परत, तीही आपापल्या गावी. मधले सगळे महिने ऑफिसात मी, गुंडाळलेले जुने पडदे आणि एक फॅन. खोली एसटी स्टँडच्या मागे. खानावळीतला माणूस रोज विचारायचा, "एकच ताट?" मी रोज म्हणायचो, "एकच." तीन हंगामांनंतरसुद्धा तो विचारायचाच. त्याला काय आशा होती कोण जाणे.

मंडळींशी माझा संबंध कागदाचा. बेबीताई गायच्या आणि दौऱ्यावर सगळा कारभार त्याच बघायच्या. दर आठवड्याला लॉरीच्या ड्रायव्हरबरोबर त्यांचा हिशेब यायचा आणि त्याच्याबरोबर माझी चिठ्ठी जायची. 'ढोलकीचं कातडं, ऐंशी रुपये' असं वाचलं की मी विचार करत बसायचो. कुठल्या गाण्याला फाटलं असेल? मग पुढे काय केलं असेल? लोक हसले असतील का? ते काही हिशेबात येत नसे. आणि नवल सांगू का, तीन हंगामांत मी आमच्या कंपनीचा एकही खेळ पाहिला नव्हता. कुणी बोलावलं नाही, म्हणून गेलो नाही.

त्या वर्षी माघात वैशाखऱ्याच्या जत्रेचा खेळ ठरला. माळशेजच्या रस्त्यावरचं गाव. वाड्यापाड्यांतली माणसं उजेडी घरी पोचली पाहिजेत म्हणून खेळ दुपारी चारचा. तिकिटं जत्रा कमिटीनं आधीच विकून पैसे ऑफिसला पोचवले होते.

मंडळी तेव्हा शहापूरकडे मुक्कामाला. बेबीताईंच्या हिशेबात वैशाखऱ्याचे पैसे त्यांनी कमाईत धरून टाकले होते आणि खाली विचारलं होतं, यातून मंडळींना थोडी उचल देऊ का? शेठ आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला. म्हणजे उत्तर मीच द्यायचं. मी लाल शाईनं लिहिलं:

'वैशाखऱ्याचा खेळ अजून आपला नाही. धरू नये.'

खाली सही. वाचून बघितलं. छोटं आणि स्पष्ट वाटलं. चिठ्ठी गेली.

तुमच्या आलंच असेल लक्षात. मला नाही आलं.

उलट त्या शनिवारी मला वाटलं, जाऊन बघू या एकदा. इतकी वर्षं यांचे आकडे मांडतोय, चेहरे तरी बघू. मी शर्टाला इस्त्री केली, केसांना तेल लावलं आणि वैशाखऱ्याची एसटी पकडली. वाटेत मनात ठरवत होतो की बेबीताईंशी काय बोलायचं. 'नमस्कार, ढोलकीच्या कातड्याचं बिल मिळालं,' इथपर्यंत जमलं होतं.

पोचलो तर कमिटीनं मंडप उभारलेला, टपरी लागलेली, बाया पुढे बसलेल्या, पोरं झाडावर. साडेतीन वाजलेले. कमिटीचे आप्पा लगबगीनं आले.

"कंपनीचे का तुमी?"

"हो."

"आले एकदाचे. बाकीची मंडली कुठं हाय?"

"येतील. लॉरी येईलच."

चार वाजले. सव्वाचार. घाटाच्या बाजूनं दोन ट्रक आले, तेही कांद्याचे. माणसं शिट्ट्या मारायला लागली. आप्पांनी माझा दंड धरला.

"साहेब, लोक खवळतील. तुमी वर जा. काय तरी बोला."

"मी काय बोलू?"

"कंपनीचे हाव ना? मग बोला."

आणि मी चढलो. माइक नव्हता, तो लॉरीत. समोर चारशे माणसं आणि वर मी एकटा. मला वाटलं, यांची भीती काय असेल? पैसे बुडाल्याची. ती आधी घालवू.

"मंडळी," मी म्हणालो, "तुम्ही दिलेले पैसे आमचे नाहीत."

मागून एक जण म्हणाला, "मग कोनाचे?"

"तुमचेच."

हशा पिकला. मला कळेना, हसायला काय झालं.

"म्हणजे ते आमच्याकडे आहेत, पण आमचे नाहीत. पडदा उघडेपर्यंत ते आमच्यावर कर्ज आहेत."

"पडदाच नाय तर उघडनार काय?" एक बाई म्हणाली. पुन्हा हशा.

"आणि हा चहावाला," दुसऱ्यानं विचारलं, "याचं कोनाला?"

"त्याचे त्याला. आम्हाला फक्त जागेचे."

"जागा तर गावाची हाय."

तीन वर्षं मी ते भाडं बिनदिक्कत कमाईत मांडत होतो, आणि हा प्रश्न कल्याणच्या सीएनाही सुचला नसता. मी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं आणि लोक हसून लोळायच्या बेतात आले. आप्पांच्या डोळ्यांना पाणी.

मी जितकं कळकळीनं सांगावं तितके ते हसत होते. बॅनरचे बारा वाटे कसे करतो ते बोटांवर मोजून दाखवलं, तर झाडावरून टाळ्या. अर्धा तास. काय सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं. इतकी माणसं माझं ऐकत होती.

मग बोलण्यासारखं संपलं. मी म्हणालो, "एवढंच."

"बरं, आता नाच?"

"नाच नाही. मंडळी आलीच नाहीत."

"मंग तुमी कोन?"

"मी हिशेबनीस."

हा सगळ्यांत मोठा हशा. तो ओसरायला बराच वेळ लागला. ओसरला तेव्हा लोकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मी खरं बोलतोय.

मार बसला नाही. पैसे खरंच वेगळे ठेवले होते, ते सोमवारी कमिटीकडे परत देतो, असं लिहून दिलं. नियमाचा तेवढा उपयोग झाला. माणसं कुरकुरत उठली. पाड्यावरची एक म्हातारी तेवढी माझ्यापाशी आली. दोन तास चालून आली होती म्हणे. मला वाटलं, ही आता शिव्या देणार.

"नाच नाय तर नाय," ती म्हणाली. "पर बाबा, तू एकलाच आलास? तुजी मान्सं कुठं हायेत?"

बघा, इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारले, पण लागला तो हा. मी म्हणालो, "माहीत नाही, आजी." ती पदरातलं एक बोर माझ्या हातावर ठेवून निघून गेली. मी रिकाम्या मंडपात बसून ते खाल्लं. मग एसटी आली.

दुसऱ्या दिवशी रागारागानं शहापूरला गेलो. मुक्कामाच्या शाळेत मंडळी निवांत बसली होती. बेबीताईंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी नाव सांगितल्याबरोबर त्या उठल्याच.

"अगो बाय, हिशेबनीस का तुमी? या, बसा. लय उपकार झाले तुमचे."

"उपकार? वैशाखऱ्याला का आला नाहीत?"

"तुमीच लिवलंत ना? खेळ आपला नाय, धरू नका म्हणून." त्यांनी पिशवीतून माझी चिठ्ठी काढली. लाल शाई, खाली सही. "आमी समजलो, खेळ दुसऱ्या कंपनीला गेला. आनि पेटीवाले काका तर म्हणाले, साहेबांनी मुद्दाम मोकळीक दिली."

"कशासाठी?"

तेवढ्यात पेटीवाले काका पुढे आले. कपाळावर अजून अक्षतांच्या कुंकवाचा डाग होता. "माझ्या पोरीचं लगीन व्हतं काल, आटगावला. मला सुट्टी व्हती, पर ही सगळी वैशाखऱ्याला जानार म्हणून जीव थोडा झालेला. तुमची चिट्टी आली आनि सगळी मांडवात. ताईंनी मंगलाष्टकं म्हटली. लोक इचारीत, कोनी सोडलं यांना? आमी तुमचं नाव सांगत व्हतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी एक सल राहिलाच. म्हणालो, "काका, मला एक शब्द कळवला असतात तर मीही आलो असतो."

काका गोंधळले. बेबीताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कळवला नाय कसा? पत्रिका धाडलेली, डायवरच्या हाती. तुमचं पान वाढून ठेवलं व्हतं. पंगत उठली तरी दोघं जन स्टेशनावर उभे व्हते, तुमी कसाऱ्याच्या गाडीनं याल म्हणून. शेवटी ताई म्हणल्या, मोठा मानूस, कामात असंल."

त्यांनी जिलबी दिली, ती खाल्ली. पुढच्या शनिवारी वैशाखऱ्याला खेळ करायचं ठरवून मुरबाडला परत आलो आणि सगळ्यांत आधी ऑफिस उघडलं.

माझा आणखी एक नियम होता, तो सांगायचा राहिला. बेबीताईंचा हिशेब सोडला, तर येणारी पाकिटं मी लगेच फोडत नसे. बिलं टोचायच्या तारेला लावून ठेवायची आणि महिन्याच्या एक तारखेला सगळी एकदम उघडायची. तार खाली घेतली. मंडपाच्या कापडाचं बिल, डिझेलचं बिल, आणि त्यांच्या मधोमध आरपार टोचलेलं एक गुलाबी पाकीट. वर माझं नाव, शाईच्या पेनानं, सावकाश काढलेल्या अक्षरांत.

चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून डिझेलचं बिल कोण पाठवतं, एवढा साधा प्रश्न मला ते तारेला टोचताना पडला नव्हता.