चांगुणामावशींचा बाजार

चांगुणामावशींना भांडायची गरजच पडत नसे. निलंग्याजवळच्या आमच्या गावात चौकाच्या दोन बाजूंना दोन डेअऱ्यांची, एका थोरल्या आणि एका धाकट्या, दूध संकलन केंद्रं होती. दुधाचा भाव फॅटवर ठरायचा. यंत्रावर फॅट कमी दिसला, की मावशी नुसती किटलीची कडी उचलायच्या. "ऱ्हाऊ दे बाबा, तिकडं घालते." लगेच थोरलीच्या केंद्रावरचा संगमेश्वर म्हणायचा, "थांबा मावशी, पुन्हा लावून बघतो." दुसऱ्यांदा फॅट हमखास वाढायचा.

लॉकडाऊनमध्ये चहाची हॉटेलं बंद पडली आणि त्यांनाच दूध पुरवणारी धाकटी डेअरी तोट्यात गेली. थोरली तिला विकत घ्यायला निघाली. अशा खरेदीला सरकारी परवानगी लागते. त्यासाठी थोरलीने नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या कचेरीतला एक पोरगा टॅब घेऊन गावात आला.

"आजी, तुमचा बाजार कोणता?"

मावशी खुलल्या. "एक हाय का बाबा! निलंगा, औसा, औराद, कासारशिरसी. पाय चालतील तिथवर बाजार करते मी."

त्याने तसंच टिपून घेतलं. मावशींनी आठवडी बाजार सांगितले होते, जिथून त्या मिरच्या आणि बांगड्या आणतात. त्याला विचारायचं होतं, दूध कुठे कुठे विकता येतं. ते त्याने विचारलंच नाही.

पुढे मावशींची लेक धम्मप्रिया हिने अहवाल वाचून दाखवला. धाकटी डेअरी नाहीतरी बुडणारच आहे, संकटात उशीर परवडणार नाही, आणि दूध उत्पादकांना चार बाजार खुले आहेत, म्हणून एकाच डेअरीची मक्तेदारी होणार नाही, असं त्यात होतं. परवानगी मिळाली.

वर्षभरात हॉटेलं पुन्हा सुरू झाली, चहा पुन्हा उकळू लागला. संकट गेलं, परवानगी राहिली. धाकटी डेअरी बुडत होती की काही महिने तिचा श्वास कोंडला होता, हे तपासायला कोणी परत आलं नाही. संकटाच्या नावाखाली कायमचे निर्णय घेणाऱ्या या शहाणपणाला हिशेब तरी कसं म्हणावं?

एका सकाळी फॅट कमी दिसला. मावशींनी सवयीने कडी उचलली.

संगमेश्वर जागचा हलला नाही. "ठेवा खाली मावशी. तिकडचं बी आता आपलंच हाय."

मावशींनी किटली ठेवली नाही. तशाच निलंग्याच्या एसटीत चढल्या.

"कुठं मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"माझ्या बाजाराला. सायबानं लिहून दिलाय."

बाजारात मिरच्या होत्या, बांगड्या होत्या, बकऱ्या होत्या. दूध कोणी विचारलं नाही. उन्हं चढली तशी झाकणाखालून आंबूस वास येऊ लागला.

संध्याकाळी मावशी परत केंद्रावर आल्या. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. त्यांनी फाटलेल्या दुधाची किटली यंत्राशेजारी आदळली.

"लाव फॅट. बाजारातनं आणलंय."

 मावशी तिथून हलल्या नाहीत. मग रांगेत मागे उभ्या असलेल्या उमादेवीने आपली भरलेली किटली उचलली आणि ती दूध न घालताच रांगेतून बाहेर पडली.