धाकट्या साडूची बिनआवाजाची गाडी

सबंध चंद्रपूर जिल्ह्यात विजेशी बरोबरीच्या नात्याने बोलणारा मनुष्य एकच आहे आणि तो माझा धाकटा साडू आहे. हे विधान मी पूर्ण विचारांती करतो आहे. ज्यांना ते अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी वरोऱ्याला त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात अर्धा तास बसून पाहावे. शेतकरी कुरकुरणारा पंप घेऊन आला की हा प्रथम पंपाच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावतो, आईने लेकराचा ताप पाहावा तशी. मग स्क्रूड्रायव्हरचे एक टोक पंपाला आणि दुसरे आपल्या कानाला टेकवून डोळे मिटतो. लग्नात पंगत बसली की हा मंडपामागे जनरेटरपाशी उभा. मयतीच्या घरीसुद्धा सांत्वनाचे दोन शब्द बोलून झाले की त्याची नजर छताकडे जाते आणि "बाई, पंख्याचा कंडेन्सर गेला हाये," हे तो अशा काही हळव्या स्वरात सांगतो की घरातल्या बाया नव्याने रडू लागतात.

अशा मनुष्याने आपली एकोणीस वर्षांची मोटारसायकल विजेवर चालती केली, तर त्यात नवल ते काय? पण आमच्या गावाला नवलाशिवाय चहा जात नाही. कोणी सांगतो, पेट्रोल महागले म्हणून केली. कोणी सांगतो, पेपरात फोटो यावा म्हणून. हे सारे खोटे आहे. मी हजर होतो. सांगणारे हजर नव्हते.

खरी गोष्ट अशी. माझी मेहुणी, म्हणजे या साडूची बायको, जंगलातल्या एका गावी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा चौदा किलोमीटरवर. सकाळची बस बंद झाल्यापासून साडू तिला गाडीवर नेऊन सोडत असे. गाडी ओकायची धूर आणि तिला दमा. शाळेत पोचल्यावर पहिला तास ती श्वास जमवण्यातच घालवी. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिला. पहिलीच्या पोरांनी वाचायला शिकावे यापलीकडे जिने आयुष्यात काही मागितले नाही, तिचा तो अर्ज. मी एकही काना-मात्रा न सुधारता तो साडूपुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"भाऊ," तो म्हणाला, "शाळा उघडेपर्यंत हा तुमच्याच खिशात राहू द्या. मी करतो काईतरी."

महिनाभर अंगणात इंजिन उघडेबोडके पडले होते. माजरीच्या वेल्डरकडून बॅटरीसाठी लोखंडी पेटी आली, मागच्या चाकात मोटार बसली. चाचणीच्या दिवसाबद्दल जे पसरवले गेले आहे, त्याचा मी येथे निषेध नोंदवतो. गाडी उलटी धावली, हे खरे. तीन वायरींपैकी दोहोंची अदलाबदल झाली की पंप उलटा फिरतो, हे ज्याने तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला शिकवले त्याच्याच हातून ती अदलाबदल झाली, हेही खरे. परंतु मी भाताच्या तणशीच्या ढिगात पडलो, हे धादांत खोटे आहे. मी मागे कॅरियर धरून उभा होतो, गाडी मागे आली आणि मी विचारपूर्वक तणशीवर बसलो.

"तुमी मागं काऊन उभे राह्यले, भाऊ?" हँडल न सोडता साडूने विचारले.

"गाड्या पुढं जातात, असा माझा समज होता."

"मोटर बरोबर हाये. तिले फक्त शाळा कोणीकडं हाये ते समजलं नाई."

शाळा उघडली त्या दिवशी मेहुणी एकदाही न खोकता वर्गात शिरली. दुसऱ्याच दिवशी नाल्याजवळच्या वनरक्षकाने गाडी अडवली. "भाऊ, तुमची गाडी भुतावानी येते. वाघाले कसं मालूम पडन? गाडीचा आवाज नाई, त आपला करा. बोलत जा दोघंही, मोठ्यानं."

अठ्ठावीस वर्षे संसार झालेल्या जोडप्याला चौदा किलोमीटर सलग बोलायला सांगणे ही शिक्षा आहे. पहिल्या दिवशी साडूने तिला तांब्याच्या तारेचे सगळे नंबर समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतले. तो सतराच्या पाढ्यात अडकला आणि नाला येईपर्यंत तिथेच राहिला. नवराबायको जंगलात रोज भांडतात, अशी जी वदंता आहे ती यातून निघाली. ते भांडत नाहीत. ते वाघाला कळवत असतात.

श्रावणातल्या एका रविवारी मी मेहुणीला दम्याचे विचारले. ती तांदूळ निवडत होती.

"दमा हाये तिथीच हाये, भाऊजी. पण आता श्वास बोलाले पुरते." मग हसून म्हणाली, "काल त्यायनं सांगतलं, साखरपुड्यात अंगठी घालताना त्यायचे हात कापत होते म्हणून. इतके वर्ष मले वाटे, त्यायले जेवाची घाई होती."

घरी येऊन मी तो अर्ज फाडला. तिची थोरली बहीण, माझी पत्नी, आयुष्यभर माझ्या मोटारसायकलवर मागे बसली; वरोऱ्याच्या बाजाराला, माहेराला, शेवटी दवाखान्याला. वाटेत ती कानाशी काहीतरी बोले. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर समजत नसे आणि मी प्रत्येक वेळी "हो" म्हणत असे. ती काय विचारीत होती आणि मी कशाकशाला हो म्हणालो, याची हकीकत सांगणारा गावात कोणी नाही. असता, तर मी ती वाद न घालता ऐकून घेतली असती.