आपट्यांनी अडवलेलं पाणी

उताराची जागा दिसली की आपटेसाहेब आधी वरच्या कोपऱ्यात जात आणि पिण्याच्या बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतत. मग हात पाठीशी बांधून त्या ओघळामागून संथ चालत. बरोबरचे लोक उन्हात ताटकळत. कुणी घाई केलीच तर म्हणत, "पाण्याला विचारतोय. आपल्याला नंतर विचारू."

पावसाच्या पाण्याचे आराखडे करायला मी त्यांच्या हाताखाली शिकले. माणूस हुशार, आणि तितकाच खुनशी. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही सरकारी घोषणा ते आपल्या सोयीने वापरत. "आपण दोघांचीही जिरवतो," म्हणत, "पाण्याचीही आणि माणसांचीही." ऑफिसात सगळे हसत, पण त्यांच्या वाटेला कुणी जात नसे.

बिबवेवाडीच्या टेकडीलगतच्या एका बांधकामासाठी त्यांनी वरच्या अंगाला रुंद गटार आखलं होतं. टेकडीवरून येणारं पाणी त्यातून बाजूच्या नाल्यात जाणार होतं. बिल्डरने ते खोडलं, कारण त्याला तिथे पार्किंग हवं होतं. त्याऐवजी त्याने खालच्या कुंपणभिंतीला भोक पाडलं आणि म्हणाला, "भिंतीबाहेर गेलं की पाणी आपलं नाही."

भिंतीबाहेर माझं माहेर होतं. जुलैत टेकडीवरचा सगळा चिखल त्या भोकातून वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात शिरला. मशिनं गेली, शिवायला आलेले लग्नाचे कपडे गेले. मी पोचले तेव्हा वडील उकिडवे बसून चिखलातून बटणं वेचत होते. त्या बिल्डरचं वाटोळं व्हावं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं, आणि त्याची मला काडीची लाज नाही.

आपटेसाहेब येऊन दुकान बघून गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन आले आणि आमच्या हद्दीत, त्या भोकाला अगदी चिकटून, जाडजूड काँक्रीटची भिंत घालून घेतली.

"साहेब, मग पाणी जाईल कुठे?" मी विचारलं.

"त्याच्याच आवारात सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बिल्डरचं ऑफिस आहे. इटालियन फरशी घातलीय म्हणे. बघू किती जिरतंय."

परतीच्या पावसात ते ऑफिस गुडघाभर पाण्यात गेलं. बिल्डर धावत आला. "अहो आपटे, काहीतरी मार्ग काढा."

"काढला होता. आपण त्याच्यावर गाड्या लावल्यात."

पुढच्या उन्हाळ्यात पार्किंग फोडून गटार झालं, तरी त्याच्या ऑफिसात मुरलेली ओल हटली नाही. आमच्याकडे पुन्हा पाणी आलं नाही. पण वडिलांनी दुकानही पुन्हा उघडलं नाही.

आपटेसाहेब गेले, तेव्हा शोकसभेला बिल्डर पांढरे कपडे घालून आला आणि बोलायला उभा राहिला. "मोठ्या मनाचा माणूस," म्हणाला. "जाण्याआधी मला माफ करून गेले."

मी जागेवरूनच म्हणाले, "नाही केलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी अन्न सोडलं होतं. मी भेटायला गेले तर विचारलं, 'त्याच्या ऑफिसला अजून ओल येते का गं?' मी म्हटलं, येते. मग उठून बसले आणि वाटीभर वरणभात जेवले."