खाली उतरायची सवय

आईच्या डोक्यावर वैरणीचा भारा होता. समोरून मोटरसायकलचा आवाज आला तशी ती रस्ता सोडून कडेच्या चरीत उतरली. पाय घसरला. भाऱ्यासकट चिखलात बसली. मोटरसायकलवरचा मुलगा थांबला. दहावीपर्यंत तो माझ्याच वर्गात होता. आई त्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायची.

"म्हातारे, नीट उतराया बी येत न्हाई व्हय गं तुला?" तो हसत म्हणाला.

आई चिखलातूनच म्हणाली, "चुकलं, मालक."

माझ्या वयाच्या मुलाला मालक. आणि मी काय करत होते? मीही चरीतच उभी होते. आईच्या आधी उतरले होते. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. वस्तीत बारावी पास झालेली मी पहिली मुलगी.

आमची बौद्धवस्ती शिराळ्याजवळच्या एका गावाच्या खालच्या अंगाला आहे. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा गावकीची, जातीनं लादलेली कामं सोडली. रस्त्यावरून खाली उतरायची सवय मात्र सुटली नाही. ती कुणी शिकवली असंही नाही. आई उतरायची, म्हणून मी उतरायचे.

पुढं सांगलीला कॉलेजात आले. विश्रामबागेत मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथं मैदानावर संध्याकाळी कराटेचा वर्ग भरायचा. अर्जात विचारलं होतं, कशासाठी शिकायचं आहे? शेजारच्या मुलीनं 'स्वसंरक्षण' लिहिलं. मीही तेच लिहिलं. खरं कारण तेव्हा मला सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येतंय की नाही, माहीत नाही.

दोन महिन्यांनी सरांनी पहिली लढत लावली. पांढऱ्या फक्कीनं चौकट आखली होती. बाहेर गेलं की गुण जातो. समोर एका वकिलांची मुलगी होती. ती पुढं आली आणि मी मागं गेले, थेट चौकटीबाहेर. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

सर म्हणाले, "तिनं तुला हातसुद्धा लावला नाही. मग बाहेर का गेलीस?"

मी म्हणाले, "ती येत होती."

मुली हसल्या. वकिलांची मुलगीही हसली. तिच्या मनात वाईट काही नसावं. पण आपण काय बोललो ते माझ्याच कानावर पडलं होतं. ती येत होती. एवढंच कारण. नळावर पाय धुताना मी रडले. मी कुठल्या वस्तीतली, हे त्या मैदानावर कुणालाच माहीत नव्हतं. पायांना माहीत होतं.

महिनाभर सरांनी मला ठोसा शिकवला नाही की लाथ शिकवली नाही. नुसतं उभं केलं. एकेक मुलगी अंगावर चालून यायची आणि मी जागा सोडायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. आईबरोबर रानातून येत होते. तीच वाट. तीच मोटरसायकल. आईनं माझं कोपर ओढलं. "चल, खाली उतर." ती उतरली. मी उतरले नाही.

चाक माझ्या गुडघ्याजवळ येऊन थांबलं.

"कालेजला गेलीस म्हंजी रस्ता नावावर झाला व्हय गं?"

"अर्धा रस्ता मोकळा हाय. तिकडनं जा."

तो गाडी लावून जवळ आला. मला ढकलायला हात पुढं केला. मी तो हात बाजूला सारला. मारलं नाही. पाय जिथं होते तिथं राहिले. तो मागं फिरून गाडीवर बसला. मग मोकळ्या बाजूनं निघाला. जाताना माझ्याशी बोलला नाही. आईला म्हणाला, "उद्यापास्नं भांगलायला यिऊ नगंस."

घरी आई चूल पेटवता पेटवता म्हणाली, "तू सोमवारी सांगलीला जाशील. मी कुठं जाऊ?"

आई आता पलीकडच्या गावात कामाला जाते, तासभर चालत. उभं राहायला शिकले मी, आणि मार बसला तिला. एकटीपुरतं उभं राहायचं आणि एसटी पकडून निघून जायचं, याला मी स्वसंरक्षण म्हणत होते.

कराटे सोडलं नाही. पण आता दर शनिवारी गावी येते. रविवारचा सराव बुडतो, तसं सरांना सांगितलंय. रविवारी आईबरोबर कामावर जाते. ती म्हणते, "माझ्यासंगं येऊ नगं." मी जाते. ती पुढं, मी मागं. मोटरसायकलचा आवाज आला की ती अजूनही चरीत उतरते. तिला मी काही म्हणत नाही. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहते आणि ती वर येईपर्यंत हलत नाही. गाडी कुणाचीही असो. तोवर त्यानं थांबायचं.